छकडा ड्रायव्हरचे आयुष्य : पुतण्यास पत्र

घाटकोपर

चिरंजीवास थोरल्या चुलत्याचे अनेक आशीर्वाद.

छकडा ड्रायव्हर म्हणजे शर्यतीत हलक्या दोन चाकी छकड्यावरून बैलजोडी पळवणारा माणूस. बैल पळवण्याच्या तऱ्हा मुलखागणिक वेगळ्या आहेत. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या घाटांत चार बैल आणि पुढे घोडी असते, विदर्भात शंकरपट भरतो, अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या धावतात. सातारा-सांगलीकडे मात्र दोन बैल, एक छकडा आणि त्यावर एकच माणूस. अलीकडे हे काम पोटापाण्याचा धंदा म्हणून धरणारी तरुण मुले त्या भागात दिसू लागली आहेत. गावाहून घाटकोपरला पोचलेल्या बातमीप्रमाणे चिरंजीवाने मुलुंडची नोकरी सोडून हाच धंदा धरला आहे, आणि गेल्या महिन्यात एका मैदानात पडून डावा खांदा निखळवून घेतला आहे. वहिनींना, म्हणजे चिरंजीवाच्या आईला, मात्र मोटारसायकल घसरल्याचे सांगितले गेले. पत्रास कारण हा खांदा.

मैदानाची रीत ठरलेली आहे. गाड्या गटागटाने सोडल्या जातात. प्रत्येक गाडीला आपला तास, म्हणजे धावेची पट्टी, आखून दिलेला असतो आणि तास सोडला की गाडी बाद. गटातली पहिली गाडी सेमीला जाते, सेमीतून फायनलला. जोडीतले दोन्ही बैल एकाच मालकाचे असतात असे नाही. एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशी पैरा करून जुंपतात, आणि दोघांचा पळ जुळला तरच गाडी सरळ राहते. वयाचाही हिशेब असतो. दात न लागलेल्या आदत बैलांची मैदाने वेगळी, खुली मैदाने वेगळी. मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेला पुसेगावला भरणारे मैदान खटाव तालुक्यातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्याचे वर्णन या घरात करण्याची गरज नाही.

खिल्लार बैल चपळ, काटक आणि तापट. आटपाडी, म्हसवड, सांगोला, जत या कोरड्या पट्ट्यात ही जात घडली, आणि खरसुंडीच्या बाजारात तिची पारख करणारी माणसे अजून आहेत. अशा दोन बैलांच्या मागे, आडव्या लाकडावर पाय रोवून, ड्रायव्हर वाकून बसलेला असतो. छकड्याला आसन नाही, कठडा नाही, थांबवण्याची सोय नाही. सुट्टी देणाऱ्यांनी बैल सोडले की सगळा भार पायांवर आणि कासरा धरलेल्या हातावर, म्हणजे शेवटी खांद्यावर येतो. शर्यत मिनिटाच्या आत संपते. पण निशाण ओलांडल्यावर बैल थांबत नाहीत, आणि धोक्याची खरी वेळ तीच असते. समोर गर्दी असते, बांध असतो, मागून दुसऱ्या गाड्या येत असतात. तिथे पडलेला माणूस आपल्याच चाकाखाली जाऊ शकतो, नाहीतर मागच्या बैलांच्या खुरांखाली. एकदा निखळलेला खांदा पुरती विश्रांती न देता कामाला लावला तर पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते, आणि तरुण वयात ती अधिक. पुढच्या खेपेला तो नेमका कासरा ताणलेला असताना निखळला, तर सावरायला दुसरा हात मोकळा नसेल.

अमेरिकेतल्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या खेळांत, याच प्रकारचा एक धंदा आहे. त्यातला मल्ल भरधाव घोड्यावरून पळत्या बैलावर झेप घेतो, शिंगे धरतो, टाचा मातीत रोवतो आणि मान पिळून त्याला आडवा पाडतो. चांगल्या मल्लाला 3 ते 5 सेकंद पुरतात. बैल 200 ते 295 किलोंचा असतो. दुसऱ्या बाजूने एक जोडीदार घोड्यावर राहून बैलाला सरळ पळता ठेवतो. टेक्सासचा कृष्णवर्णीय गुराखी बिल पिकेट याने हा प्रकार लोकांपुढे आणला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते. पुढे तो नामांकित झाला, चित्रपटांत दिसला, आणि 1932 मध्ये घोड्याची लाथ डोक्यात बसून गेला. रोडिओच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचे नाव लागले ते 1971 मध्ये. आजच्या मल्लालाही पगार नसतो. तो प्रवेश फी भरतो, स्वतःच्या खर्चाने शेकडो मैल गाडी हाकतो, आणि नंबर आला तरच पैसे पाहतो. गुडघे आणि खांदे ही त्याची नेहमीची दुखणी. तरीही तिथे 1980च्या दशकापासून मोठ्या रोडिओंच्या मैदानावर खेळाडूंना तपासणारी वैद्यकीय पथके जात आली आहेत. आपल्याकडे कायद्याने मैदानात पशुवैद्य लागतो. बैलाला तपासणारा माणूस हजर असतो ही चांगली गोष्ट आहे. ड्रायव्हरचा खांदा पाहणारा तिथे कोण होता, हे वहिनींनी विचारले तर काय उत्तर द्यायचे, ते चिरंजीवाने ठरवून ठेवावे.

कमाईचे गणितही तसेच कच्चे आहे. मोठ्या मैदानांत बक्षिसाला मोटारसायकल, ट्रॅक्टर, थारसारखी गाडीसुद्धा लागते. पण गाडीची चावी मालकाच्या हातात जाते. नाव बैलाचे होते, आणि ते योग्यच आहे, कारण पळतो तो. नंबरात आलेल्या बैलाची किंमत लाखांनी वाढते. ड्रायव्हरला मिळते ते मालकाच्या मर्जीने, बहुधा रोख, बहुधा बिनकागदी. मैदाने दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात काय, याचे उत्तर या धंद्यात नाही. मुलुंडच्या नोकरीत पगार थोडा होता, पण त्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जात होता.

कायद्याचा इतिहासही धंदा म्हणून पाहणाऱ्याने विसरू नये. 2011 मध्ये केंद्राने बैलाला खेळांत न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत घातले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी वाट मोकळी झाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा कायम केला. मधली वर्षे या धंद्यावर पोट असलेल्या माणसाने काय खाल्ले असते? आज परवानगी आहे ती अटींवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची संमती हवी, धाव 1000 मीटरच्या आत हवी, आणि बैलाला मारणे, टोचणे, शॉक देणे हा गुन्हा आहे. बातमीत असेही आले की काही ड्रायव्हर मुठीत बॅटरी लपवतात. तसले हात या घरातले नसावेत. ज्या आजोबांनी बैलांनी पाणी प्यायल्याशिवाय स्वतः तांब्या तोंडाला लावला नाही, त्यांच्या नातवाच्या मुठीत तसले काही सापडले, तर खांद्याची चौकशी करण्याचाही अधिकार चुलत्याला उरणार नाही.

हे लिहिणे कठोर झाले. चिरंजीव तसा नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. शेळीचे करडू आजारी पडले तर रात्रभर गोठ्यात बसणारे ते पोर होते.

अंगमेहनतीच्या धंद्यालाही पाठबळ मिळू शकते, याचा पुरावा याच मुंबईत आहे. खटाव, पाटण, जावळीहून आलेल्या हमालांनी मशीद बंदरच्या किराणा बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या. त्यांना ना हजेरी होती, ना रजा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले, आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मंडळे आली, नोंदणी आली, निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना, अपघाताची भरपाई आली. घाटकोपरची ही खोली त्या मंडळामुळे उभी आहे. दहीहंडीच्या गोविंदांनासुद्धा 2022पासून राज्य शासनाने 10 लाखांचे विमा संरक्षण दिले. घाटकोपर-जोगेश्वरीत थरावर चढणाऱ्या पोरांच्या आया आता विम्याचे तरी विचारू शकतात. छकडा ड्रायव्हरला असे मंडळ नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा आहे, तो चिरंजीवाने लगेच काढावा. पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. निखळलेला खांदा त्यात बसत नाही.

चुलत्याचा खांदाही याच वयात गेला, गोणीखाली. तेव्हा तो कुणाला दाखवला नाही. रोजी बुडेल ही एकच भीती होती. आज तो हात डोक्याच्या वर जात नाही. पण या खांद्यापेक्षा जास्त सलते ते दुसरेच. दुष्काळात आजोबांनी खिल्लारांची जोडी बाजारात नेली, त्या दिवशी बाजारातल्या मुकादमाने रजा दिली नाही. जोडी गेली, आणि तिला शेवटचे हात लावणे राहून गेले. कासरा हातात धरून बैलामागे पळावे ही हौस चुलत्यालाही होती. वाशीला बाजार गेल्यावरही, सुट्टीत पुसेगावला गेले की पाय आधी मैदानाकडे वळत. म्हणून चिरंजीवाला बैल का सोडवत नाहीत, हे या घरात कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हे काम सोडच, असे या पत्रात म्हटलेले नाही. खांदा बरा होईपर्यंत छकड्यावर पाय ठेवू नये, एवढेच मागणे आहे. राजावाडी रुग्णालय खोलीपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. तिथे हाडांच्या डॉक्टरांना दाखवता येईल. नंबर लावायला चुलता पहाटे जाऊन बसेल. चुलती भाजणी दळून आणते आहे, थालीपीठ चिरंजीवाला आवडते म्हणून. निजायला खिडकीकडची जागा मोकळी केली आहे, डाव्या कुशीवर वळावे लागू नये अशी. राहावे तितके दिवस राहावे, नोकरीचा विषय कुणी काढणार नाही. वहिनींना आधी खरे काय ते फोनवर सांगून टाकावे. त्या रागावतील, पण त्यांना चुकीच्या गोष्टीची काळजी करायला लावू नये. गावच्या डॉक्टरने एक्स-रे काढला असेल तर तो सोबत आणावा, आणि बस रात्रीची न धरता दिवसाची धरावी. धक्क्यांच्या रस्त्यावर झोप लागली की खांदा सांभाळला जात नाही.

कळावे, लोभ असावा.

थोरला चुलता