शेणखत टाकले, तरी धान पिवळे?

प्रश्न : रोवणीच्या तोंडावर उकिरड्यातले शेणखत बांधीत टाकले. धान पिवळे का पडले?
– एक शेतकरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : खत बहुधा कच्चे होते. त्यातली तणस कुजवताना जीवाणू मातीतला नत्र आधी उचलतात आणि पीक उपाशी राहते. आता बांधीतले पाणी उतरवून युरियाचा हप्ता द्या.

पुढच्या हंगामात एकरी 4 टन द्या, पण कुजलेलेच. मूठभर हातात घ्या: काळपट, भुरभुरीत, मातीच्या वासाचे हवे. तणसाची काडी ओळखू आली, तर थांबा. उन्हाळ्यात ढीग ओलसर ठेवून अधूनमधून पालटा आणि पावसाआधी झाका. उघड्या उकिरड्यातला नत्र पाण्याबरोबर नाल्यात जातो, आणि आपण युरियाच्या रांगेत उभे! रोवणीच्या पंधरवडाभर आधी पसरून जमिनीत मिसळा.