मोबाईलच्या रिचार्जमधून शिकवूया स्पर्धा

बारावीच्या अर्थशास्त्रात 'अल्पाधिकार' आला की मुलं जांभया देतात. व्याख्या पाठ होते, कळत काही नाही. म्हणून मी हल्ली सुरुवात मोबाईलपासून करतो. आदल्या दिवशी सांगतो, "घरी विचारून या, पूर्वी लोक आलेला फोन न उचलता कट का करायचे?"

उत्तर ऐकून वर्ग चकित होतो. आलेल्या फोनचेही पैसे पडायचे! ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळात दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता. प्रत्येक विभागात दोनच खाजगी कंपन्या, त्याही मोठ्या बोली लावून परवाना घेतलेल्या. इथे मुलांना थांबवा आणि विचारा, गावात किराणा दुकानं दोनच असली तर साखर स्वस्त कोण करेल?

पुढचा टप्पा मात्र सावकाश शिकवा. १९९९ च्या धोरणाने ठरलेल्या जबर परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आधीचं ओझं उतरलं, आणि थोडंच बोलणारा गरीब ग्राहकही कंपनीला परवडू लागला. २००२ मध्ये बीएसएनएल मोबाईल सेवेत उतरली, २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. १९९४ मध्ये शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. आज ऐंशीच्या वर आहेत. माझ्या मते ही वाढ निव्वळ खाजगीकरणाची नाही, तिसरा-चौथा स्पर्धक आत येण्याची आहे.

मग गोष्ट उलटते. २०१६ मध्ये जिओ आली, डेटा स्वस्त झाला, आणि बाकीच्या कंपन्या एकेक करून बंद पडल्या नाहीतर एकमेकींत मिसळल्या. आता तीन खाजगी आणि एक सरकारी. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकामागोमाग दर वाढवले. "सर, ठरवून केलं का?" हा प्रश्न येतोच. घाईने 'हो' म्हणू नका. न ठरवताही, शेजारच्याकडे बघून दर ठरतो. पुस्तकातलं 'परस्परावलंबन' ते हेच.

मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "आईचा रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं. मग ते मोफत कसं?" मी क्षणभर गप्प झालो. मग तिलाच फळ्यावर बोलावलं. २८ दिवसांचा 'महिना' धरून तिने भागाकार केला. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज! प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवावा, असं 'ट्राय'ने २०२२ मध्ये सांगितलंय. तो दुकानात कुणी आपणहून दाखवतं का, हे बघून यायचा गृहपाठ मी सगळ्यांना दिला.