पेटी आधी, विमान नंतर

एरोमॉडेलिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते आकाशात गिरक्या घेणारं छोटंसं विमान. त्याच्याबरोबर मैदानावर जाणाऱ्या लाकडी पेटीकडे मात्र कोणाचंच लक्ष जात नाही. या पेटीला 'फील्ड बॉक्स' म्हणतात. या लेखात ती कशी बनवायची आणि का बनवायची, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे गुण्या, पटाशी, बिजागरी हे शब्द मला ही पेटी करतानाच गावातल्या सुतारकाकांकडून कळले. त्यांचा पहिला धडा असा होता : "भाऊ, पेटी करून सामान कोंबायचं नसतं. आधी सामान मांडायचं, मग त्याच्या मापानं पेटी करायची." आपल्या डिझाइनच्या पुस्तकात हेच दहा पानांत सांगितलेलं असतं!

१) पेटीची गरज काय?

माझं गाव नशिराबाद, जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं. जळगावचं विमानतळ गावापासून फार लांब नाही. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-प्रशिक्षण संस्थांसाठी बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी हे पाच विमानतळ निवडले. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या आकाशात शिकाऊ वैमानिक उडत असतात, आणि त्यांच्या विमानात माणसं असतात. आपल्या विमानात नसतात. हा फरक कधीही विसरू नये.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली रिमोटवरची मॉडेल विमानंही येतात. या नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे केले आहेत. हिरव्या पट्ट्यात ठरलेल्या उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. ही उंची साधारणपणे ४०० फूट असते, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती फक्त २०० फूट आहे. पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी हवी. कोणतं शिवार कोणत्या पट्ट्यात येतं, ते 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर दिसतं. म्हणून आम्ही पेटी गावात बनवतो, पण उडवायला नकाशा पाहून वीस किलोमीटर लांबच्या पडीक रानात जातो.

आता त्या रानात ना वीज, ना दुकान. पाना घरी राहिला तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. आणि खरा धोका पुढेच आहे. परत कोणी जात नाही! "स्क्रू थोडा ढिला आहे, चालेल." "पंखाला रबर दोनच आहेत, चालेल." या 'चालेल'मुळेच विमानं पडतात.

मोठ्या विमानांचंही वेगळं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं 'मॉडेल २९९' हे नवंकोरं बॉम्बर उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक अनुभवी होते, विमानही चांगलं होतं. जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या पाळ्यांना लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे 'बी-१७' म्हणून गाजलं. माझ्या मते फील्ड बॉक्स म्हणजे लाकडात केलेली चेकलिस्टच. प्रत्येक वस्तूला एक जागा. जागा रिकामी दिसली की काय राहिलं, ते निघण्याआधीच कळतं.

२) माप आणि लाकूड

तळ ४५० × २६० मिमी आणि दोन्ही टोकांच्या फळ्या ३५० मिमी उंच, हे सगळं ९ मिमी प्लायचं. लांबीच्या बाजू १५० मिमी उंच आणि मधले दोन आडवे पडदे, हे ६ मिमी प्लायचं. पडद्यांमुळे तीन कप्पे होतात. टोकाच्या फळ्यांना वरून इंग्रजी 'यू'सारखी खाच पाडून तिला फोम चिकटवा. विमान त्यात आडवं ठेवलं की स्क्रू आवळायला दोन्ही हात मोकळे राहतात, आणि विमान काळ्या मातीच्या धुळीपासून वर राहतं. खाचेच्या खाली, तळापासून २८० मिमीवर, पकडायला गोल दांडा.

सांधे नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. फेविकॉल लावून, गुण्याने काटकोन तपासून, मग स्क्रू. फेविकॉल वाळायला रात्रभर वेळ द्या. कडा पॉलिश पेपरने घासून वार्निशचे दोन हात मारले की पेटी पावसाळाही काढते.

३) थोडं अप्लाइड मेकॅनिक्स

प्लायचं वजन सुमारे अडीच किलो भरतं. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण २.२ किलोची, ट्रान्समीटर, हत्यारं आणि दांडा धरून एकूण ७ किलो.

बॅटरी मधल्या कप्प्यातच का? समजा, बाकी वजन दोन्हीकडे सारखं आहे आणि बॅटरी मध्यापासून १५० मिमी बाजूला ठेवली. मोमेंट झाला २.२ × १५० = ३३०. भागिले ७, म्हणजे गुरुत्वमध्य ४७ मिमी सरकला. दांडा गुरुत्वमध्याच्या १९० मिमी वर धरला, तर पेटी सुमारे १४ अंश कलणार. बांधावरून चालताना मनगट दुखेल आणि सामान एका बाजूला घरंगळेल. पहिल्या वर्षी हे गणित फक्त पाच मार्कांचं वाटलं होतं!

४) विजेचा हिशोब

पेटीत बॅटरी आहे म्हणजे दिवसभर चार्जिंग होईल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. हिशोब करू. १२ × ७ = ८४ वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे हातात आले ४२. आपल्या विमानातला तीन सेलचा, २२०० मिलिअँपिअर-अवरचा लिपो पॅक म्हणजे ११.१ × २.२ = सुमारे २४ वॉट-अवर. चार्जरमधली घट धरून २९. म्हणजे पूर्ण रिकामा पॅक एकदा भरला की दुसरा अर्धाही नीट भरत नाही. म्हणून पॅक भरूनच न्यावेत. पेटीतली बॅटरी अडीअडचणीसाठी.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी लागून १० अँपिअरचा फ्यूज टाकायलाच हवा. वायर १.५ चौरस मिमी. कनेक्टर उलटा बसूच शकणार नाही असा घ्या, उदा. एक्सटी-६०. उन्हात घामेजल्या हाताने लाल-काळा ओळखण्यावर भरवसा ठेवू नये.

५) कप्प्यांत काय?

डावा कप्पा : स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, पाना, पकड, दोन जादा प्रोपेलर, रबर बँड, फायबर टेप, मोजपट्टी, जुना ब्रश. चिकटवायला इपॉक्सी. साधा इन्स्टंट ग्लू थर्मोकोल खातो आणि हॉट ग्लू आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात मऊ पडतो.

मधला : बॅटरी, फ्यूज, चार्जर आणि सेलचे व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर.

उजवा : फोममध्ये ट्रान्समीटर. शेजारी मलमपट्टी आणि पाण्याची बाटली. मलमपट्टी कशाला म्हणाल, तर १० इंची प्रोपेलर मिनिटाला ८००० फेऱ्या मारतो तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे ३८० किलोमीटरने जात असतं. त्याच्या पुढे किंवा फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. नेहमी मागे.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : पाळ्या योग्य दिशेला हलतात का, गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत आहे का, रेंज तपासली का. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. पूर्वी ७२ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर दोघांची फ्रिक्वेन्सी एक झाली की विमान पडायचं, म्हणून मैदानावर फ्रिक्वेन्सीच्या क्लिपा लावत. आता २.४ गिगाहर्ट्झमुळे ती कटकट गेली, पण शिस्त जाऊ देऊ नका.

६) हॉस्टेलवाल्यांनी हे नक्की वाचा

पेटीत मुद्दाम न ठेवलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे लिपो पॅक. ते वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, डब्याचं झाकण हवाबंद नको. लिपोच्या आत पेट घेणारं द्रावण असतं. सेल ४.२ व्होल्टच्या वर भरला, त्याला भोक पडलं किंवा आत शॉर्ट झाला की तो तापतो, फुगतो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. वाळूने आग पसरत नाही, पण सेल आतून जळतच राहतो. म्हणून चार्जिंग नेहमी मोकळ्या जागी, फरशीवर, कोरडी वाळू शेजारी ठेवून आणि स्वतः समोर बसून करायचं.

हॉस्टेलच्या खोलीत गादी, पडदे, जर्नल्स, आणि शेजारी झोपलेला रूममेट. तिथे लिपो चार्ज करायचा नाही. रात्री लावून झोपायचं तर मुळीच नाही. उडवून आणलेला गरम पॅक थंड होईपर्यंत लावायचा नाही. आठवडाभर वापरायचा नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायचा. फुगलेला पॅक "अजून चालतोय" म्हणून वापरायचा नाही. विमान पडलं तर चार संध्याकाळी मेहनत करून दुसरं होईल, माणूस भाजला तर ते भरून येणार नाही. आमची सर-मॅडमना आणि रेक्टर सरांना विनंती आहे की छंदावर बंदी घालण्याऐवजी वर्कशॉपमध्ये एक फरशीचा कोपरा आणि वाळूची बादली द्यावी. चोरून खोलीत चार्ज करणारा मुलगाच सगळ्यांत धोक्याचा.

तर मित्रहो, विमान विकत मिळतं, रेडिओही विकत मिळतो. ही पेटी मात्र स्वतः बनवावी. ती करताना सुतारकाम, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकल एकाच पाटावर शिकायला मिळतं. ज्यांना पूर्ण मापाचं ड्रॉइंग हवं असेल त्यांनी हॉस्टेलवर येऊन बेलाशक मागावं. फक्त येताना आपलं सामान घेऊन या. आधी ते फरशीवर मांडू, मग मापं घेऊ.