टेनेसीत घर घेताय? आधी विजेचं बिल बघा

चॅटनुगा शहरात राहणारे इंटरनेटबद्दल फारसं बोलत नाहीत. कुरकुर करायला काही असेल तर माणूस बोलणार! तिथलं इंटरनेट ईपीबी पुरवते. १९३५ साली स्थापन झालेलं हे शहराच्या मालकीचं वीज मंडळ. कर्जरोखे आणि २००९ मध्ये केंद्राकडून मिळालेलं ११ कोटी १५ लाख डॉलरचं अनुदान यांतून त्यांनी विजेच्या खांबांवरून फायबर ओढलं. मूळ हेतूंपैकी एक साधा होता : वादळात झाड पडून तार तुटली, तर स्वयंचलित स्विचनी तेवढाच तुकडा बाजूला काढावा आणि बाकीच्यांची लाइट दुसऱ्या बाजूने चालू ठेवावी. त्याच फायबरवरून २०१० मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या ग्राहकांना एक गिगाबिट वेग देऊ केला. सुरुवातीचा दर महिना ३५० डॉलर होता, तो काही वर्षांत ७० च्या आत आला. मंडळाने इंटरनेट विकू नये म्हणून खासगी केबल कंपनी आधीच कोर्टात जाऊन आली होती.

चॅटनुगातल्या भाड्याच्या घरात आम्ही ही चैन भोगली. मग अंगण हवं, मुलीला जवळची शाळा हवी, म्हणून शहराबाहेर घर घेतलं. जाहिरातीत ‘हायस्पीड इंटरनेट’ लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. फक्त त्या भागात वीज दुसऱ्या संस्थेची होती. टेनेसीच्या कायद्याप्रमाणे शहराचं वीज मंडळ आपल्या विजेच्या हद्दीबाहेर इंटरनेट विकू शकत नाही. शेजारच्या वस्तीपर्यंत फायबर आलेलं असलं, तरी हद्द म्हणजे हद्द. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये हे बंधन उठवलं होतं, पण आयोगाला तो अधिकारच नाही असं म्हणत अपील न्यायालयाने २०१६ मध्ये तो निर्णय रद्द केला.

आमच्या वाट्याला एकच खासगी कंपनी उरली. पहिलं वर्ष गोड गेलं. मग बिलातली ‘प्रमोशनल डिस्काउंट’ची ओळ गुपचूप गळाली, मोडेमचं भाडं वाढलं, डेटाची मर्यादा ओलांडल्याचा आकार आला. फोन केला की आधी यंत्राशी बोला, मग ताटकळा, मग ‘कनेक्शन तोडतो’ म्हणा. तेव्हा कुठे सवलत देणाऱ्या बाईंकडे फोन जातो. पुण्यात आमच्या सोसायटीत केबलवाल्याला नुसतं ‘दुसरा बघतो’ म्हटलं की संध्याकाळी पोरगा वायरचं बंडल घेऊन गच्चीवर हजर! कारण तिथे दुसरा खरोखरच असतो. इथे बाईंना ठाऊक होतं, हा जाणार कुठे?

सगळ्यात जास्त छळलं ते अपलोडने. डाउनलोडचा आकडा ठळक छापतात, अपलोडचा बारीक. घरून काम असेल, रात्री आईबाबांशी व्हिडिओवर बोलायचं असेल, तर लागतो तो बारीक आकडा. आम्हाला आई दिसायची, तिला आमचं थिजलेलं चित्र.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याकडे विजेचं बिल मागा. वीज कोणाची हे कळलं की इंटरनेटचं निम्मं कोडं सुटतं. मग त्या घराचा पत्ता ईपीबीच्या साइटवर टाकून खात्री करा. एजंटच्या ‘सगळीकडे मिळतं हो’ वर जाऊ नका. खासगी प्लॅन घ्यावाच लागला, तर २०२४ पासून सक्तीचं झालेलं लेबल वाचा. त्यात सवलत संपल्यावरचा दर, अपलोडचा वेग आणि डेटाची मर्यादा लिहिलेली असते. मोडेम शक्यतो स्वतःचा घ्या.

सरकारी म्हणजे आपोआप चांगलं, असं मात्र समजू नका. युटामधल्या प्रोव्हो शहराने सुमारे ३.९ कोटी डॉलरचं कर्ज काढून असंच जाळं उभारलं, ते चाललं नाही आणि २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला द्यावं लागलं. कर्ज फेडायचं राहिलं नागरिकांच्याच डोक्यावर. चॅटनुगात जमलं, कारण तिथे खांब, ग्राहक आणि दुरुस्तीची माणसं मंडळाकडे आधीपासून होती. असं मंडळ हद्दीपलीकडे यायला तयार असताना त्याला कायद्याने अडवण्यात ग्राहकाचं हित कसलं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. इथले जे मराठी लोक आता मतदार झालेत, त्यांनी पुढच्या निवडणुकीत दारावर येणाऱ्या उमेदवाराला हेच विचारावं. हा कायदा वॉशिंग्टनमध्ये नाही, राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये बदलायचा आहे.