ट्रॅक्टरची लिफ्ट का रुसते?

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून फिरणारा छोटा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. ओळ संपली की चालक लिव्हर ओढतो आणि मागचे जड औजार अलगद वर उचलले जाते. ही किमया तेलाची! बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. समजा, तेलाचा दाब दर चौ. सें. मी.ला 150 किलोग्रॅम-भार आहे आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ 40 चौ. सें. मी. आहे. मग दट्ट्यावरील बल 150 × 40 = 6,000 किलोग्रॅम-भार होईल.

अशी बलवान लिफ्ट एखाद्या दिवशी धक्के देत, रडतखडत का उचलते? पुष्कळजण लगेच पंपाला दोष देतात. पण विचार करा, टाकीतले तेल पंपापर्यंत कोण ढकलते? केवळ हवेचा दाब; म्हणजे दर चौ. सें. मी.ला सुमारे 1 किलोग्रॅम-भार! वाटेतली गाळणी तुंबली की एवढासा दाब अपुरा पडतो. तेलात बुडबुडे होतात व पंप किंचाळू लागतो. हे बुडबुडे पुढे जास्त दाबाखाली फुटले, की पंपाचा धातू झिजतो. टाकीकडून येणाऱ्या नळीचा जोड सैल असेल, तर बाहेरची हवाच आत ओढली जाते.

म्हणून तपासणीचा क्रम लक्षात ठेवा. प्रथम तेलाची पातळी पाहावी. मग तेलाचे रूप : दुधाळ असेल तर पाणी शिरले, फेसाळ असेल तर हवा. नंतर गाळणी व जोड. पंप सर्वांत शेवटी. उचललेले औजार आपोआप खाली येत असेल, तर सील किंवा झडप गळत असावी.

मात्र सावधान! उचललेल्या औजाराखाली कधीही जाऊ नये. दुरुस्तीपूर्वी ते जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. गळती बोटाने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता एक प्रयोग करा. सुई नसलेली नवी सिरिंज पाण्याने पूर्ण भरा, तोंड अंगठ्याने बंद करा आणि दट्ट्या दाबा. मग आत थोडी हवा ठेवून पुन्हा दाबा. हवा शिरलेली लिफ्ट धक्के का देते, हे तुमच्या बोटांनाच कळेल!