पिवळ्या दिव्याचें गणित

चौकांतील पिवळा दिवा पाहून कोणी मोटार थांबवितो, तर कोणी ती अधिकच जोरानें हांकतो. अपघात झाला म्हणजे 'काय हा उतावळेपणा!' असें म्हणून आपण मोकळे होतों. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु सावध मनुष्याच्या हातूनहि असा अपघात कां घडतो, हें पाहण्यासारखें आहे.

१९२० सालीं अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरांत विल्यम पॉट्स नांवाच्या पोलीस अंमलदारानें चारी दिशांस दिसणारा तीन रंगांचा दिवा चौकांत बसविला. पिवळ्याचें काम आगाऊ सूचना देण्याचें. कारण धांवतें वाहन जागच्या जागीं थांबत नाहीं.

समजा, मोटार ताशीं ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, वेगानें येत आहे. दिवा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें १ सेकंद जातो. तेवढ्यांत १५ मीटर सरले. पुढें वेग दर सेकंदास ३ मीटरनें कमी होत गेला, तर थांबण्यास आणखी ३७.५ मीटर लागतात. एकूण ५२.५. पिवळा दिवा ३ सेकंदच टिकत असेल, तर तेवढ्या वेळांत न थांबणारी गाडी ४५ मीटर जाईल. मग रेषेपासून ५० मीटरांवर असलेल्यानें काय करावें? थांबूं म्हटलें तर रेषा ओलांडली जाते, जाऊं म्हटलें तर तांबडा लागतो! करकचून ब्रेक दाबावा, तर 'हा जाणारच' अशा समजुतीनें मागून येणारा आदळतो.

गाझिस, हर्मन व मॅराडूडिन या तिघां शास्त्रज्ञांनीं १९६० सालीं हा पेच गणितानें मांडला. आपल्या उदाहरणांत पिवळा दिवा अवघा अर्धा सेकंद लांबविला कीं रेषेपर्यंतचा पेच सुटतो. तेव्हां सारा दोष हांकणाऱ्याच्याच माथीं मारणें मला न्यायाचें वाटत नाहीं. दिव्याची वेळ ठरविणाराहि त्यांत वांटेकरी आहे. (दिवा फारच लांबविला, तर लोक त्याला हिरवाच समजूं लागतात, हें निराळें.)

आमचे सायकलवाले विद्यार्थी आडव्या रस्त्यावरील दिवा तांबडा होतांच, आपल्या हिरव्याची वाट न पाहतां, निघतात. नेमका त्याच क्षणीं तो ५० मीटरांवरचा मनुष्य चौकांत शिरत असतो.

वेग ताशीं ३६ किलोमीटर असता तर? थांबण्यास सुमारें २६.७ मीटर पुरतात, आणि ३ सेकंदांत गाडी ३० मीटर जाते. पेचच उरत नाहीं. मात्र पावसांत रस्ता निसरडा होऊन वेग सेकंदास २ मीटरनेंच कमी होऊं लागला, तर त्याच गाडीस थांबण्यास ३५ मीटर लागतात.