मेंदूच्या आवरणाची गाठ : साधी की कॅन्सर?

डोक्याचे ऑपरेशन पार पडते, टाके निघतात, पेशंट घरी येतो. मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाती पडतो. त्यावर लिहिलेले असते, 'अॅटिपिकल मेनिन्जिओमा, ग्रेड २'. नातेवाईक तो कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, साधी गाठ की कॅन्सर?" याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज त्याविषयी.

मेंदूभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांच्या पेशींपासून होणाऱ्या गाठीला १९२२ साली अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी 'मेनिन्जिओमा' हे नाव दिले. ही गाठ बहुधा हळूहळू वाढते व मेंदूवर दाब देते. सतत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, नजर अधू होणे, एका बाजूच्या हातापायातली शक्ती कमी होणे, स्वभावात बदल ही तिची लक्षणे. मोठ्या वयात प्रथमच फिट आली, तर कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे व मेंदूची तपासणी करून घ्यावी.

ग्रेड म्हणजे काय?

अशा शंभर गाठींपैकी सुमारे ऐंशी ग्रेड १ च्या, म्हणजे साध्या असतात. ग्रेड ३ च्या, म्हणजे कॅन्सरसारख्या, एक ते तीनच. मधल्या पंधरा ते वीस ग्रेड २ च्या, यांनाच 'अॅटिपिकल' म्हणतात. हा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. ठराविक क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या पेशी जास्त दिसल्या किंवा गाठ शेजारच्या मेंदूत शिरलेली आढळली, तर ती ग्रेड २ ठरते. एम.आर.आय.वरून शंका घेता येते, खात्री देता येत नाही.

उपचार

पहिला उपचार शस्त्रक्रियाच. गाठ जितकी पूर्ण निघेल तितकी ती परत येण्याची शक्यता कमी, हे सिम्प्सन यांनी १९५७ मध्येच दाखवून दिले. मात्र गाठ डोळ्याच्या नसेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल, तर सर्जन थोडा भाग मुद्दाम ठेवतात. त्यात त्यांचा हलगर्जीपणा नसतो. पेशंटची दृष्टी किंवा जीव वाचवण्यासाठी ते तसे करतात.

भाग शिल्लक राहिला असेल तर बहुधा रेडिओथेरपी, म्हणजे शेक, सुचवतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. एकूण मात्रा ५४ ते ६० ग्रे. गाठ पूर्ण निघाली असेल तर लगेच शेक द्यावा की लक्ष ठेवावे, याबाबत तज्ज्ञांत दोन मते आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पूर्ण निघालेली अॅटिपिकल गाठ किंवा परत आलेली साधी गाठ असलेल्यांना शेक दिला. त्यांच्यापैकी शंभरी सुमारे ९४ जणांत तीन वर्षे गाठ वाढली नाही. पण पेशंट पन्नासच्या आसपासच होते. शिवाय शेकाने थकवा येतो, केस जातात, पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून वय व गाठीची जागा पाहून निर्णय घ्यावा. ही गाठ खात्रीने विरघळवणारे औषध नाही. तशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

खरा धोका कुठे?

ग्रेड २ ची गाठ शंभरातील तीस ते पन्नास जणांत परत येते, तीही पुष्कळदा काही वर्षांनी आणि गुपचूप. बरेच पेशंट दीर्घकाळ चांगले जगतात. पण "आता काही त्रास नाही" म्हणून तपासणी सोडणारे मी पाहतो, त्यांची मला काळजी वाटते. परत आलेली गाठ लहान असतानाच सापडली तर पुन्हा ऑपरेशन वा शेक सोपा जातो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत, मग पाच वर्षे दर सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी एम.आर.आय. करावा, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

हे लक्षात ठेवा

१) ऑपरेशनचा कागद, पॅथॉलॉजी रिपोर्ट व सर्व फिल्म एकाच फायलीत जपा. दुसरे मत घेताना गाठीच्या स्लाइड्स व ब्लॉक मागून घ्या.
२) फिटच्या व स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका.
३) फिट येत असतील तर गाडी चालवणे, विहिरीत पोहणे टाळा.
४) खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा.
५) पुढच्या एम.आर.आय.ची तारीख घरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.